मदत हवी आहे: काळ्या मातीत जिम्नी चालेल का?

राम राम मंडळी. मोहोळजवळ आमचं शेत आहे. पावसाळ्यात पाणंदीत चाक रुतलं की ट्रॅक्टर बोलवावा लागतो, आणि ट्रॅक्टरवाला हसतो ते वेगळंच. म्हणून मारुतीची पाच दरवाज्यांची जिम्नी (चारही चाकांना जोर देणारी छोटी गाडी) बघतोय.

पण जितकी तोंडं तितकी मतं. काकांकडे जुनी जिप्सी होती. ते म्हणतात, "हे खेळणं आहे. चौघं बसली की पोत्याला जागा नाही." खोटं नाही, मागची सीट उभी असली तर डिकी २०८ लिटरच. मित्र मात्र हट्टाला पेटलाय: लॅडर फ्रेम (खाली शिडीसारखी मजबूत चौकट) आहे, पुढे-मागे सलग ॲक्सल (दोन्ही चाकं एकाच दांड्यावर), रुतल्यावर हळू पण जोरात ओढायला लो गिअर, ग्राउंड क्लिअरन्स (गाडीच्या तळाची जमिनीपासून उंची) २१० मिलिमीटर, शिवाय वजनाला हलकी. मला त्याचंच पटतंय (काकांना सांगू नका).

अडलंय ते इथं. कोणी काळ्या चिखलात चालवली असेल तर सांगा, कंपनीचे टायर पुरतात की लगेच मड टायर घालावेत? ऑटोमॅटिकला चारच गिअर आहेत. चार माणसं घेऊन पुणे हायवेला १.५ लिटरचं इंजिन दमतं का? की सरळ मॅन्युअल घेऊ? पेरणीआधी ठरवायचंय.