ग्रीक सॅलड घरी करायचंय: लेट्यूस घालतात का? पनीर चालेल का?

पेठेतली_सुगरण:
शनिवारी आठ माणसं जेवायला आहेत. पास्ता नवरा करणार, ग्रीक सॅलड माझ्याकडे. हॉटेलांत प्रत्येक ठिकाणी वेगळंच मिळतं. कुठे लेट्यूसचा ढीग, कुठे पांढरं ड्रेसिंग, एकीकडे तर मक्याचे दाणे! खरं कसं असतं? त्यातलं फेटा चीज महाग पडतं, पनीर चालेल? आणि आदल्या रात्री चिरून ठेवलं तर?

अथेन्सवासी:
लेट्यूस नाही, मका नाही, पांढरं ड्रेसिंग तर नाहीच नाही. लेट्यूसचं सॅलड इथे वेगळं असतं, पातीचा कांदा आणि शेपू घालून. हे सॅलड उन्हाळ्यातलं, म्हणून सगळी मदार टोमॅटोवर. लालबुंद पिकलेले घ्या, फ्रिजमध्ये ठेवू नका.

आठ जणांना किलोभर टोमॅटो, तीन काकड्या, दोन लाल कांदे, दोन ढोबळ्या मिरच्या पुरतील. टोमॅटोच्या मोठ्या फोडी करा, काकडीच्या जाड चकत्या. कोशिंबिरीच्या सवयीने काकडी कोचवून पिळायला जाल, तेवढं करू नका. मीठ टोमॅटोवर आधी घाला. सुटणारं पाणी आणि तेल मिळून जे तळाशी जमतं तेच याचं ड्रेसिंग. आमच्याकडे शेवटी त्यात पाव बुडवून खाण्यावरून भांडणं होतात.

ऑलिव्ह तेल एक्स्ट्रा व्हर्जिन, अर्धी वाटी तरी. इथे हात आखडता घेऊ नका. पोमेस (ऑलिव्हच्या चोथ्यातून काढलेलं तेल) लिहिलेली बाटली तळणीला ठेवा. ऑलिव्ह कालामाता जातीचे, जांभळट काळे. बिया असतील तर पाहुण्यांना आधीच सांगा, दातांचा खर्च फेट्याहून जास्त.

फेटा चुरायचा नाही. सलग लादी वर ठेवायची, त्यावर ओरेगॅनो चुरडून तेलाची धार. पिझ्झाबरोबर येणाऱ्या पुड्या वापरू नका, बऱ्याचदा त्यात लसूण-मिरचीही असते.

आदल्या रात्री चिरू नका. अर्धा तास आधी पुरे.

खारट_गोड:
पनीरला जाडं मीठ आणि लिंबू चोळून तासभर ठेवा, कोणाला कळणार नाही. मी तसंच करतो.

अथेन्सवासी:
दादा, मला कळेल! फेटा मेंढीच्या दुधाचा असतो, बकरीचं फार तर ३० टक्के. निदान दोन महिने मुरवलेला असतो, तो आंबूसपणा तासाभरात कुठून येणार? २००२ पासून युरोपात हे नाव ग्रीसच्या ठरावीक भागांतल्या चीजलाच आहे. ताई, पनीरपेक्षा फेटाच कमी घ्या, ३०० ग्रॅम भागेल. तिकडे गाईच्या दुधाचा फेट्यासारखा चीज मिळतो, तोही चालेल. फार खारट लागला तर दहा मिनिटं साध्या पाण्यात ठेवा, आणि टोमॅटोवरचं मीठ कमी करा.

पेठेतली_सुगरण:
थँक्यू! लिंबू की व्हिनेगर? सासूबाईंना आंबट चालत नाही.

अथेन्सवासी:
लिंबू नको. व्हिनेगर ऐच्छिक, रेड वाइनचं, चमचाभर. टोमॅटो आंबट असले तर तेही नको. बाटली टेबलावर ठेवा, ज्याचं त्याने घालावं.