छोट्या ट्रान्समीटरच्या फायनलला कुठला ट्रान्झिस्टर टाकावा? बीडी१३९, आयआरएफ५१० की आरडी१६

परभणी_४०मीटर
नमस्कार मंडळी. घरी बनवलेला एसएसबी (आवाज पाठवायचा हॅम रेडिओ) सेट चालवायलो, १२ व्होल्टच्या बॅटरीवर. फायनलला, म्हंजे अँटेनाला पॉवर देणाऱ्या शेवटच्या टप्प्याला, आधी बीडी१३९ होता. सकाळी आयडल करंट (न बोलता वाहणारा) ४० मिलीअँप लावून ठेवायचो अन् दुपारी पत्र्याच्या खोलीत बघावं तर ११०. मे महिन्यात एक दिवस बोलता बोलता समोरचा म्हणला तुमचा आवाज फाटायलाय, मी मीटरकडं बघेपर्यंत ट्रान्झिस्टर शॉर्ट. असे तीन गेले.

मग आयआरएफ५१० लावला. ५० ओमच्या डमी लोडवर (अँटेनाऐवजी लावायचा रेझिस्टर) डायोड अन् कपॅसिटर लावून मोजलं तर ७ मेगाहर्ट्झला २० व्होल्ट पीक, म्हंजे ४ वॅट. लई आनंद झाला. पण तेच १४ ला १४ व्होल्ट आणि २१ ला जेमतेम १० व्होल्ट, म्हंजे १ वॅट. ड्राइव्ह (आत दिलेला सिग्नल) तेवढाच, फिल्टर प्रत्येक बँडचा वेगळा. काही जण म्हणतेत आरडी१६एचएचएफ१ घ्या, पण त्या एकाच्या पैशात आयआरएफची मूठभर येतेत. मला ५ वॅटच पाहिजेत, पण तिन्ही बँडवर. काय करावं?

जालना_सोल्डर
भाऊ, दोघांचा आजार वेगळा आहे म्हणून आधी वेगवेगळं बघू.

बीडी१३९ बायपोलर आहे. तापला की त्याचा बेस-एमिटर व्होल्टेज डिग्रीमागे साधारण २ मिलीव्होल्टनं उतरतो, आपण बायस (बेसला दिलेला स्थिर व्होल्टेज) जागचा हलवला नाही तर दर १० डिग्रीला करंट जवळपास दुप्पट होतो, करंट वाढला की अजून तापतो, अन् आपल्याकडं मे महिन्यात पत्र्याखाली हवाच ४५ च्या आसपास असते. बायस देणारा डायोड ट्रान्झिस्टरच्या अंगाला पेस्ट लावून चिकटवायचा आणि एमिटरला छोटा रेझिस्टर टाकायचा, मग तो टिकतो. तुमचा डायोड बोर्डावर लांब कुठंतरी असणार, त्याला कळतच नाही की ट्रान्झिस्टर तापलाय.

आयआरएफचं दुखणं गेटमध्ये, म्हंजे सिग्नल आत जातो त्या पायात आहे. हा स्विचिंगसाठी बनवलेला मॉसफेट, रेडिओसाठी नाही. डेटाशीटला गेटची कपॅसिटी १८० पिकोफॅरड लिहिलीय. ७ मेगाहर्ट्झला ती साधारण १२६ ओम पडते, २१ ला फक्त ४२. ड्रेनकडून (आउटपुटचा पाय) उलटं येणारं वेगळंच. म्हणून तेवढ्याच ड्राइव्हमध्ये वरच्या बँडला गेटवर व्होल्टेज उभाच राहत नाही. त्यात ड्रेनकडची कपॅसिटी कमी व्होल्टला फुगते, म्हंजे १२ व्होल्टवर हा ट्रान्झिस्टर त्याच्या सगळ्यात वाईट जागी चालायलाय.

माझं स्पष्ट मत, ट्रान्झिस्टर बदलू नका, सप्लाय बदला. फक्त फायनलला २४ व्होल्ट द्या, दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये. हिशोब बघा, लोड म्हंजे व्होल्टेजचा वर्ग भागिले दोनदा पॉवर. १२ व्होल्टला ५ वॅटसाठी १४.४ ओम लागतात म्हणून तुम्ही मॅचिंग ट्रान्सफॉर्मर लावलाय. २४ व्होल्टला तेच ५७.६ ओम होतात, म्हंजे ५० च्या इतकं जवळ की ट्रान्सफॉर्मर काढून सरळ लो पास फिल्टरला जोडता येतं. ड्रेनवर स्विंग ४८ व्होल्टपर्यंत जातो, आयआरएफ १०० व्होल्टचा आहे, अँटेना थोडी बिघडली तरी सांभाळून घेतो.

गोदाकाठ_नांदेड
जालनावाल्या दादांचं बरोबर आहे पण आरडी१६ ची बाजू कुणी मांडली नाही म्हणून लिहितो. तो १२.५ व्होल्टसाठी आणि ३० मेगाहर्ट्झपर्यंत १६ वॅट द्यायला म्हणूनच काढलेला आहे, वरच्या बँडला असा ढेपाळत नाही. आणि एक गोष्ट लोक विसरतात, त्याचा धातूचा टॅब सोर्सला (ग्राउंडला जोडायचा पाय) आहे. सरळ हीटसिंकला स्क्रू मारा, अभ्रक नको, काही नको. आयआरएफचा टॅब ड्रेनला असतो, अभ्रक अन् बुश लावावं लागतं, उष्णता तिथं अडते आणि टॅब-हीटसिंकमध्ये फुकटचा कपॅसिटर तयार होतो तो वेगळा.

पण आयआरएफच्या भोकात आरडी१६ तसाच बसवू नका. आयआरएफचे पाय गेट, ड्रेन, सोर्स. आरडी१६ चे गेट, सोर्स, ड्रेन. आणि त्याला २४ व्होल्ट अजिबात देऊ नका, त्याची हद्दच ५० व्होल्टची आहे.

नकली माल लई आहे. मी ऑनलाइन चार मागवले, चारही आयआरएफवर नवीन नंबर छापलेले निघाले. तेव्हापासून आधी मीटर डायोडवर ठेवतो, लाल तार टॅबला अन् काळी तिसऱ्या पायाला. खऱ्या आरडी१६ मध्ये डायोडसारखं रीडिंग येतं. उलट्या बाजूनं आलं तर समजा आतमध्ये दुसरंच काहीतरी भरलंय. टेस्टच्या आधी गेट सोर्सला क्षणभर टेकवून रिकामं करायचं, नाहीतर रीडिंग फसवतं.

सीडब्ल्यू_काका_लातूर
फक्त मोर्स करायचं असतं तर तीन बीएस१७० समांतर लावा म्हणलो असतो. एकेकाची गेट कपॅसिटी २४ पिकोफॅरडच्या आसपास, क्लास ई मध्ये (स्विचसारखे चालू-बंद) चालवले की इतकी कमी उष्णता होते की बोटाला कोमट लागतेत. पण तुमचं एसएसबी आहे, तिथं हे चालत नाही, आवाजाचे चढउतार नीट जात नाहीत.

आयआरएफला नावं ठेवणाऱ्यांना एवढंच सांगतो, हैदराबादच्या अशर फरहान यांच्या बिटएक्स४० या ४० मीटरच्या रेडिओ किटमध्ये फायनलला हाच आहे, आणि त्या बोर्डावर फायनलच्या सप्लायची जोडणी मुद्दाम वेगळी दिलेली आहे. कितीतरी जणांनी तिथं जास्त व्होल्ट देऊनच पॉवर वाढवली.

आणि बाळा, मॉसफेट तापत पळत नाही असं कुणी सांगितलं तर ऐकू नको. फुल करंटला खरं आहे ते, पण आयडलच्या छोट्या करंटला थ्रेशोल्ड (गेट उघडायचा व्होल्टेज) उतरतो अन् करंट चढतोच. हीटसिंकला बायसचा थर्मिस्टर (तापला की बदलणारा रेझिस्टर) चिकटव. बायसचा प्रीसेट शून्यावरून सुरू कर, दोन ते चार व्होल्टच्या मधे कुठंही मॉसफेट एकदम उघडतो.

परभणी_४०मीटर
सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी करून बघितलं. दोन बॅटऱ्या सिरीजला, मॅचिंग ट्रान्सफॉर्मर काढला, चोक अन् फिल्टर तेच. ७ ला २३ व्होल्ट पीक, १४ ला २० व्होल्ट, २१ ला साडेपंधरा. म्हंजे ५.३, ४ आणि २.४ वॅट. काकांनी सांगितलेला थर्मिस्टर लावला, दुपारी अडीचला पत्रा तापलेला असताना आयडल ६० वरून ६८ झाला, त्याच्या पुढं गेला नाही.

२१ ला अजून कमी आहे. फायनलचं गेट काढून ड्रायव्हरचा (फायनलच्या आधीचा टप्पा) आउटपुट मोजला तर तिथंच ७ च्या मानानं निम्मं व्होल्टेज आहे. म्हंजे चोर ड्रायव्हरमध्ये पण बसलाय.

जालना_सोल्डर
ड्रायव्हरला काय आहे? बीडी१३९ च असेल तर तिथं २एन३८६६ टाका, तो ४०० मेगाहर्ट्झला १ वॅट देणारा आहे, २१ त्याला काहीच नाही. त्याचा धातूचा डबा कलेक्टरला असतो, हीटसिंकची टोपी घातली तर ती कशाला टेकू देऊ नका.