नियम न पाळण्याचे कारण सांगितले, एवढे पुरेसे आहे का?

भागधारक, कोथरूड
वार्षिक अहवाल हाती आला की मी सर्वप्रथम कंपनी प्रशासनाचा भाग वाचते. चाकणच्या एका वाहनभाग कंपनीत अध्यक्ष आणि व्यवस्थापकीय संचालक ही दोन्ही पदे एकाच प्रवर्तकाकडे, म्हणजे कंपनी उभी करून ती ताब्यात ठेवणाऱ्याकडे आहेत. ती वेगवेगळ्या व्यक्तींकडे असणे अपेक्षित असते, आणि तसे न करण्याबद्दल दरवर्षी तेच वाक्य छापले जाते: ‘व्यवसायाचे स्वरूप पाहता विद्यमान रचना संचालक मंडळास योग्य वाटते.’ स्वरूप म्हणजे नेमके काय, आणि या गृहस्थांना जाब कोण विचारतो, याचा त्यात मागमूस नाही. कंपनी प्रशासनावरील ब्रिटनच्या कॅडबरी समितीने १९९२ मध्ये ‘पाळा किंवा कारण सांगा’ ही पद्धत मांडली, ती कारण वाचून भागधारकांनी स्वतःचे मत बनवावे म्हणून. नियमाला फाटा देण्यास माझा विरोध नाही; त्याऐवजी काय व्यवस्था केली, हे दडवण्यास आहे.

कंपनी सचिव, चिंचवड
ही वाक्ये आम्हीच लिहितो, म्हणून सांगतो. मसुद्यात ठोस काही लिहिले की कायदेशीर सल्लागार ते खोडतात, कारण उद्या परिस्थिती बदलली तर तेच विधान कंपनीच्या अंगाशी येते. शेवटी गतवर्षीचा मजकूर तसाच उचलला जातो. शिवाय ही पदे वेगळी करणे शेअर बाजार नियामक सेबीने फेब्रुवारी २०२२ मध्ये ऐच्छिक केले आहे. संस्थापकाला कारखान्याची नस ठाऊक असताना बाहेरचा अध्यक्ष आणून काय साधणार?

सनदी लेखापाल, सदाशिव पेठ
ते ऐच्छिक का झाले, हेही सांगा. डिसेंबर २०२१ अखेर आघाडीच्या ५०० कंपन्यांपैकी जेमतेम ५४ टक्क्यांनी ते केले होते. कंपन्यांनी अडचणी मांडल्या आणि अखेर सक्तीच मागे घेतली गेली. सामाजिक दायित्वाचा, म्हणजे कंपन्यांनी समाजकार्यावर करायच्या खर्चाचा अनुभव याच्या उलट आहे. २०१३ च्या कायद्यात नफ्याच्या दोन टक्के खर्च न केल्यास संचालकांच्या अहवालात कारण देणे पुरत होते; जानेवारी २०२१ पासून न खर्चलेली रक्कम ठरावीक खात्यात किंवा निधीत वळवावीच लागते. कारणांवर सरकारचाच विश्वास उरला नाही. सक्ती हवी.

कंपनी सचिव, चिंचवड
सक्तीने काय होते, ते सत्यम या संगणक कंपनीने दाखवले. सप्टेंबर २००८ मध्ये उत्तम प्रशासनाचा पुरस्कार आणि जानेवारी २००९ मध्ये घोटाळ्याची कबुली; प्रवर्तकांशी हितसंबंध नसलेले स्वतंत्र संचालक कागदोपत्री पुरेसे होते. आज सरकारी तेल कंपन्यांना स्वतंत्र संचालक अपुरे असल्याबद्दल शेअर बाजार दंड करतात, आणि त्यांचे उत्तर असते की नेमणुकीचा अधिकार सरकारकडे आहे. ते उत्तर खरे आहे, मग दंडाने काय सुधारते?

भागधारक, कोथरूड
खरे कारण आणि पोकळ कारण यांतला फरक हाच. २००८ मध्ये मार्क्स अँड स्पेन्सर या ब्रिटिश दुकानसाखळीने स्टुअर्ट रोझ यांच्याकडे अध्यक्ष आणि मुख्य कार्यकारी ही दोन्ही पदे दिली, तेव्हा भागधारक नाराज झाले. कंपनीने त्यांना पत्र लिहून उत्तराधिकाऱ्याचा प्रश्न, ही रचना २०११ पर्यंतच ठेवण्याची मुदत आणि रोझ यांची दरवर्षी फेरनिवड हे सगळे मांडले. ते सर्वांना पटले नाही, पण वाद घालण्यासाठी हाती काहीतरी आले.

सनदी लेखापाल, सदाशिव पेठ
तिथे मोठ्या गुंतवणूक संस्थांच्या मताला वजन आहे. इथे प्रवर्तकाकडे साठ टक्के मते असतील तर असे पत्र कितीही सुरेख असो, ठराव मंजूरच होणार. संबंधित पक्षांबरोबरच्या, म्हणजे प्रवर्तक किंवा त्यांच्या इतर कंपन्यांसारख्यांबरोबरच्या मोठ्या व्यवहारांत त्या पक्षांना मंजुरीच्या बाजूने मत देता येत नाही. तोच दंडक या स्पष्टीकरणांना लावा, प्रवर्तक वगळून मतदान घ्या, मग सल्लागार काय खोडतात ते पाहू.