गोल्डन कॉकर स्पॅनियल काळ्यापेक्षा जास्त चावरा असतो का?

अंगणवेल (नाशिक)
नमस्कार मंडळी. घरात कुत्रा आणायचं एकदाचं ठरलंय आणि सगळ्यांचं एकमत इंग्लिश कॉकर स्पॅनियलवर झालंय. घरात सासूबाई असतात, मुलगी दुसरीत आहे, फ्लॅट तळमजल्यावर आणि समोर थोडी मोकळी जागा. एका ब्रीडरकडे एकाच वेतातली गोल्डन आणि काळी अशी दोन्ही पिल्लं आहेत, मुलीचा जीव त्यातल्या एका गोल्डन मादीवर जडलाय, रोज तिचे फोटो बघत बसते. पण माझे दीर ठामपणे म्हणतायत की गोल्डन अजिबात घेऊ नका, ती चिडकी असतात, मधेच वसकन अंगावर येतात, घ्यायचंच तर काळं घ्या किंवा मग पांढऱ्यावर ठिपके असलेलं. मला आधी वाटलं उगाच काहीतरी ऐकीव बोलतायत, केसांच्या रंगाचा आणि स्वभावाचा काय संबंध, पण नेटवर शोधलं तर बाहेरच्या देशातले लोकही अगदी हेच म्हणताना दिसतात. लहान मूल घरात आहे म्हणून जास्त काळजी वाटते. ज्यांनी कॉकर पाळलाय किंवा ज्यांना यातलं नीट माहितीये त्यांनी प्लीज सांगा.

सह्यभ्रमर (पुणे)
ताई बिनधास्त घ्या. आमच्याकडे गोल्डन नर आहे, सोसायटीतली सगळी पोरं त्याचे कान ओढतात आणि हा शेपूट हलवत उभा असतो. लहान असताना जेवणाच्या भांड्याजवळ कुणी गेलं की गुरगुरायचा, तेव्हा आम्ही भांडं काढून घेण्याऐवजी जवळ जाऊन त्यात उकडलेल्या चिकनचा तुकडा टाकायचो आणि लांब व्हायचो, मग हळूहळू त्याला कळलं की माणूस जवळ आला की काहीतरी चांगलंच मिळतं. आता तो जेवताना शेजारी बसलं तरी ढुंकून बघत नाही. माझं स्पष्ट मत, रंगाबिंगाचं काही नसतं, तुम्ही कसं वाढवता त्यावर सगळं.

थेम्सकाठ (रेडिंग, यूके)
सह्यभ्रमर, तुमचा कुत्रा गुणी आहे यात शंका नाही, पण "काही नसतं" इतकं सरसकट म्हणता येणार नाही. हा विषय इथे इंग्लंडमध्ये खूप जुना आहे आणि त्यावर चक्क अभ्यास झालेत. १९९६ साली पॉडबर्सेक आणि सर्पेल या केंब्रिजच्या संशोधकांनी केनेल क्लबकडे, म्हणजे इथल्या जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेकडे, नोंद असलेल्या इंग्लिश कॉकरच्या मालकांना प्रश्नावली पाठवली होती, हजाराच्या वर कुत्र्यांची माहिती जमली. त्यात एकरंगी कॉकर हे पार्टी कलरपेक्षा, म्हणजे पांढऱ्यात दुसरा रंग मिसळलेल्यांपेक्षा, जास्त आक्रमक निघाले आणि एकरंगींमध्येही लाल-गोल्डन हे काळ्यांच्या वर. मग २००६ मध्ये स्पेनमधल्या संशोधकांनी सात आठवड्यांच्या ५१ पिल्लांची चाचणी घेतली, पिल्लाला उताणं धरून ठेवायचं, जमिनीवरून उचलायचं आणि ते किती झटापट करतं, गुरगुरतं, चावायला बघतं हे नोंदवायचं. तिथेही क्रम तोच आला, गोल्डन वर, मग काळे, शेवटी पार्टी कलर. आणि नर माद्यांपेक्षा जास्त. म्हणजे तुमच्या दिरांनी जे ऐकलंय ते अगदीच हवेतलं नाही.

पण याचा अर्थ काय घ्यायचा ते महत्त्वाचं आहे. हे सगळे आकडे समूहाचे आहेत, समोरच्या एका पिल्लाबद्दल ते फार काही सांगत नाहीत. शांत गोल्डन भरपूर आहेत आणि मी खुद्द एक चिडका ब्लू रोन, म्हणजे पांढऱ्यात काळे केस मिसळलेला पार्टी कलर, बघितलाय. दुसरं म्हणजे इथले जुने ब्रीडर एकरंगी आणि पार्टी कलर यांचा संकर सहसा करतच नाहीत, कारण शोच्या नियमांत एकरंगी कुत्र्याला छातीवरचा थोडासा सोडला तर पांढरा रंग चालत नाही. त्यामुळे दोन्ही पिढ्यानपिढ्या वेगळी घराणी झालीत. एखाद्या घराण्यात शोमध्ये बक्षिसं मिळवणारा पण तिरसट स्वभावाचा एक नर असेल आणि सगळ्यांनी त्याच्याच मागे लागून पिल्लं काढली असतील तर तो स्वभाव त्या रंगाबरोबर पुढे जातो. दोष रंगाचा नसतो, रंग नुसता घराण्याची खूण म्हणून दिसत राहतो.

अंगणवेल
थेम्सकाठ, मनापासून आभार, इतकं नीट कुणीच सांगितलं नव्हतं. पण मग एक शंका. आमच्या वेतात गोल्डन आणि काळी दोन्ही आहेत, आईबाप तेच. मग घराण्याचा मुद्दा इथे कसा लागू होतो?

पेशीकेंद्रक (बेंगळुरू)
ताईंनी अगदी नेमक्या जागी बोट ठेवलंय. मी जेनेटिक्समध्ये काम करते म्हणून थोडं लिहिते, लांबलं तर समजून घ्या.

कॉकरचा गोल्डन रंग एमसी१आर नावाच्या जनुकामुळे येतो. या जनुकाची बिघडलेली प्रत आईकडून एक आणि बापाकडून एक अशा दोन्ही आल्या की केसात काळं रंगद्रव्य बनतच नाही, फक्त लालसर-पिवळं बनतं. म्हणून दोन काळ्या कॉकरनाही गोल्डन पिल्लू होऊ शकतं, दोघांकडे ती एक-एक लपलेली प्रत असली की झालं. तुम्ही त्या पिल्लाचा फोटो मोठा करून बघा, केस सोनेरी असले तरी नाक आणि पापण्यांच्या कडा बहुतेक काळ्या असतील, कारण हा बदल केसांपुरताच असतो, कातडीतलं काळं रंगद्रव्य शाबूत राहतं.

आता स्वभावाचं. केसातलं मेलॅनिन आणि मेंदूतलं डोपामाइन दोन्ही टायरोसिन या एकाच अमिनो आम्लापासून बनतात, त्यावरून काही लोकांनी रंग आणि वर्तन यांचा थेट जैविक संबंध असावा असा तर्क मांडला. ऐकायला छान वाटतो पण मला तो पटत नाही, आणि कारण अगदी साधं आहे. हाच एमसी१आरचा बदल गोल्डन रिट्रीव्हरमध्ये आहे, पिवळ्या लॅब्रॅडॉरमध्ये आहे, आयरिश सेटरमध्ये आहे. गोल्डन रिट्रीव्हर तर लहान मुलांच्या घरासाठी लोक डोळे झाकून सुचवतात. हे जनुकच जर कुत्र्याला चिडकं करत असतं तर सगळ्यात आधी ते तिथे दिसलं असतं.

एका वेताबद्दल म्हणाल तर शेजारच्या एखाद्या जनुकातलं काहीतरी रंगाबरोबर जोडीनं उतरणं शक्य आहे, पण सख्ख्या भावंडांत आईबाप, दूध, जागा, हाताळणारी माणसं सगळं सारखंच असतं, त्यामुळे तुमच्या त्या गोल्डन मादीत आणि तिच्या काळ्या भावात रंगावरून निवड करायला मला तरी काही आधार दिसत नाही. थेम्सकाठ यांचा घराण्याचा मुद्दा एकरंगी विरुद्ध पार्टी कलर या तुलनेत जास्त जोरदार आहे. गोल्डन-काळ्यात तो तेव्हा लागतो जेव्हा मागणी आहे म्हणून ब्रीडर पिढ्यानपिढ्या गोल्डनला गोल्डनच लावत जातो. त्यामुळे आईबाप कुठल्या रंगाचे आहेत, आजी-आजोबा कोण, जवळच्या नात्यात तर लावलेलं नाही ना, हे पेपर्स मागून बघाच. अजून एक, प्रश्नावली मालक भरतात आणि "गोल्डन चावतो" हे ज्याने आधीच ऐकलंय तो साध्या गुरगुरण्यालाही मोठं समजू शकतो. मी अभ्यास खोटे म्हणत नाहीये, ते वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवायला हवी एवढंच.

सह्यभ्रमर (पुणे)
ही माहिती माझ्यासाठी नवीन आहे, धन्यवाद दोघांना. तरी मी म्हणेन की ज्या वयात पिल्लू घरात येतं आणि पहिले दोन-तीन महिने त्याला जे दिसतं त्याने फार फरक पडतो.

पशुवैद्य_करवीर (कोल्हापूर)
मी व्हेट आहे, छोट्या प्राण्यांची प्रॅक्टिस. रंगाची चर्चा वर छान झालीये, पण "चावतो" म्हणून माझ्याकडे आणलेल्या कॉकरमध्ये मी सगळ्यात आधी कान उचलून बघतो. लांब, जड, आतून केसाळ कान, त्यात आपल्याकडचा पावसाळा, आत हवा जात नाही आणि यीस्ट वाढतं. कान वर केला की आंबूस वास येतो, आत तपकिरी मळ, कातडी जाड आणि लालभडक. अशा कुत्र्याच्या डोक्यावर मुलानं प्रेमानं थोपटलं तरी ते दात लावणारच, ठणकतंय त्याला. घरच्यांना वाटतं अचानक बिथरला. कान बरे केले की यातले कितीतरी कुत्रे पुन्हा पहिल्यासारखे होतात.

ते "वसकन अंगावर येतात" म्हणतात त्यालाच इंग्रजीत रेज सिंड्रोम म्हणतात आणि कॉकरच्या नावाशी ते फार चिकटलंय. खरा तसा प्रकार फार दुर्मिळ. बहुतेक वेळा एकतर दुखणं असतं किंवा आपली वस्तू राखणं. कुत्रा मोजा घेऊन सोफ्याखाली गेलाय, मूल हात घालून ओढायला जातं, त्याआधी कुत्रं ताठ झालेलं असतं, डोकं वस्तूवर झुकलेलं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतो, ओठ किंचित वर. हे सगळं तो सांगत असतो, आपल्याला वाचता येत नाही म्हणून चावा "अचानक" वाटतो. गुरगुरण्याबद्दल कधीही मारू नका, गुरगुरणं बंद झालं की पुढच्या वेळी इशारा न देता थेट चावा येतो.

अंगणवेल ताई, मुलीला एवढं पक्कं शिकवा की जेवताना, झोपलेला असताना आणि तोंडात काही असताना त्याला हात लावायचा नाही. सुरुवातीचे महिने दोघांना एकटं सोडू नका, कुठल्याही रंगाचं पिल्लू असलं तरी. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकणं २०१७ च्या नियमांनुसार आपल्याकडे बेकायदेशीर आहे, कुणी महिन्याभराचं पिल्लू हातात देत असेल तर तिथूनच परत फिरा. भावंडांत राहूनच ती किती जोरात चावायचं ते शिकतात. आणि आईला भेटल्याशिवाय पिल्लू घेऊ नका.

अंगणवेल
काल जाऊन आलो सगळे, दीरही होते. आई काळी आहे. आम्ही आत गेल्यावर ती पिल्लांसमोर उभी राहिली आणि हलकं गुरगुरली, लगेच दीर म्हणाले बघा मी सांगत होतो. बाप तिथे नव्हता, तो बाहेरगावच्या दुसऱ्या कुणाचा आहे म्हणे. पिल्लू मात्र आपणहून मुलीच्या मांडीवर चढलं. आईचं गुरगुरणं किती मनावर घ्यायचं?

पशुवैद्य_करवीर (कोल्हापूर)
पिल्लांजवळ अनोळखी माणसं आली की आईनं एवढं करणं साहजिक आहे, त्यावरून लगेच नाही म्हणू नका. परत एकदा जा आणि ब्रीडरला सांगा आईला पिल्लांपासून लांब, अंगणात किंवा गेटबाहेर आणा. तिथे ती तुमच्याकडे आपणहून येते का, वास घेते का, अंग सैल आहे का ते बघा. ब्रीडरला तिच्या कानाला, पंजाला हात लावायला सांगा आणि ती कशी वागते ते बघा. तिथेही ताठ झाली, लांब जाऊन बसली किंवा दात दाखवले तर मी ते वेत सोडून देईन, मग पिल्लू काळं असो की गोल्डन. बापाच्या मालकाचा फोन नंबर मागा, तो कुत्रा घरात राहतो की फक्त ब्रीडिंगसाठी पिंजऱ्यात असतो आणि आधीच्या वेतातली पिल्लं ज्यांनी नेली त्यातल्या एखाद्या घराशी बोलता येईल का हे विचारा. नंबर द्यायला टाळाटाळ झाली तर थोडं थांबून दुसरं वेत बघा, घाई नको.