घरात आफ्रिकन मुखवटे लावावेत का? आणि तिथल्या लोकांच्या स्वतःच्या घरात काय असतं?

रिकामी_भिंत:
मंडळी, नवऱ्याच्या नोकरीमुळे सध्या घानाच्या राजधानीत, अक्रात मुक्काम आहे आणि हॉलची एक अख्खी भिंत मोकळी पडलीय. इथल्या आर्ट्स सेंटरच्या बाजारात गेलं की दुकानदार हाताला धरून आत नेतात आणि समोर मुखवट्यांची रांग, प्रत्येकाची गोष्ट तीच, फार जुना आहे, राजघराण्यातला आहे, घरात ठेवला की पूर्वज राखण करतात वगैरे वगैरे. काही मुखवटे दिसायला खरंच जबरदस्त आहेत. पण ज्या ज्या घानियन घरांत जेवायला गेलेय तिथे एकाही भिंतीवर मुखवटा दिसला नाही. घरच्यांचे फ्रेम केलेले फोटो, येशूचं चित्र, कॅलेंडर, मोठा टीव्ही, बास.

म्हणून दोन प्रश्न. श्रद्धेची वस्तू नुसती शोभेला लावणं बरं दिसतं का? आणि दुसरा, जो मला जास्त सतावतोय, की मुखवटे नाहीत तर मग श्रद्धा, पूर्वज, आपण कोण आहोत हे सगळं इथल्या घरांत दिसतं कुठे? नेटवर शोधलं तर नुसते सोफ्यांचे फोटो येतात, ट्रायबल लुक म्हणून.

कुमासीकर:
ताई, मी घानातल्या असांते लोकांच्या शहरात, कुमासीत बरीच वर्षं काढलीत त्यामुळे फक्त असांते लोकांबद्दल बोलतो. पहिली गोष्ट, असांतेंमध्ये मुखवट्यांची परंपरा जवळजवळ नाहीच. तुम्ही बाजारात बघताय ते आयव्हरी कोस्टच्या दान, बाउले, सेनुफो लोकांच्या धाटणीचे, किंवा पार गॅबॉनच्या फांग लोकांचे, आणि त्यातले कित्येक इथेच घानात पर्यटकांसाठी कोरलेले असतात. जुना दिसावा म्हणून मातीत पुरतात, धूर देतात, बूटपॉलिश लावतात. त्यामुळे राजघराणं विसरा.

असांते माणसाची खरी जवळची वस्तू म्हणजे बसायचा लाकडी स्टूल. एकाच ओंडक्यातून कोरलेला, मधे नक्षी, वर खोलगट बैठक. ज्याचा त्याचा स्वतःचा असतो आणि त्यात त्या माणसाचा आत्मा मुरतो अशी समजूत. म्हणून जुन्या चालीच्या घरात कोणी बसलेलं नसेल तेव्हा स्टूल आडवा करून ठेवतात, रिकामा बघून भलताच आत्मा येऊन बसायला नको. मोठा मानाचा प्रमुख वारला की त्याचा स्टूल काजळी आणि अंड्याचा बलक लावून काळा करतात आणि स्टूलघरात ठेवतात, मग अदाए या पूर्वजांच्या सणांना तिथे खाणंपिणं अर्पण होतं. यातला अक्वासिदाए दर सहा आठवड्यांनी रविवारी येतो, कुमासीत असाल तर राजवाड्यात जाऊन बघाच. १९०० साली ब्रिटिश गव्हर्नर हॉजसनने असांतेंचा सोन्याचा स्टूल बसायला मागितला आणि याआ असांतेवा या राजमातेच्या नेतृत्वाखाली युद्ध पेटलं, ते या पार्श्वभूमीवर वाचलं की नीट कळतं. फर्निचरसाठी नव्हतं ते.

कापडाचंही सांगतो. कुमासीजवळ एन्तोन्सो गावात अदिंक्रा, म्हणजे अर्थ असलेल्या चिन्हांचं कापड, छापतात, बादिए झाडाची साल कुटून उकळून उकळून काळा दाट रंग काढतात आणि भोपळ्याच्या कवटीतून कोरलेल्या ठशांनी हाताने छाप मारतात. मुळात हे मयताला जाताना नेसायचं कापड, लाल, काळं, विटकरी. आता त्याचे टेबलक्लॉथ विकतात, चालायचंच. आणि तुम्ही म्हणताय घरात काही दिसत नाही, तर पुढच्या वेळी प्लॅस्टिकच्या खुर्चीची पाठ बघा. ग्ये न्यामे, म्हणजे देवाच्या सर्वशक्तिमानतेचं अदिंक्रा चिन्ह, तिथे असतं. रोज त्यावर पाठ टेकून बसताय तुम्ही.

पोपडे:
कुमासीकरांनी कापड घेतलं, मी भिंती घेते कारण माझा तोच वेडेपणा आहे.

घानाच्या पार उत्तरेला बुर्किना फासोच्या सीमेला लागून सिरिगू म्हणून गाव आहे, आणि सीमेपलीकडे कासेना लोकांचं तिएबेले, ज्याचा राजवाडा २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. दोन्हीकडे घर पुरुष बांधतात आणि भिंती बायका रंगवतात. लाल, काळा, पांढरा एवढेच रंग, सगळे माती आणि दगडातून. पृष्ठभाग गुळगुळीत दगडाने घासून घासून चमकवायचा आणि शेवटी लोकस्ट बीनच्या शेंगा उकळून त्याचं पाणी मारायचं की ते वॉर्निशसारखं बसतं. अजगर, मगर, भोपळ्याचे तुकडे, मासेमारीचं जाळं असे आकार. अजगर घराची राखण करतो, पूर्वजांशी नातं असलेला प्राणी आहे, त्याला मारत नाहीत.

लेसोथो आणि दक्षिण आफ्रिकेच्या फ्री स्टेटमध्ये बासोथो बायका जे करतात त्याला लितेमा म्हणतात. शेणमातीचा ओला गिलावा, त्यावर बोटांनी किंवा जेवणाच्या काट्याने रेघा ओढायच्या, नांगरलेल्या शेतासारख्या. आणि पाऊस आला की सगळं धुऊन जातं. पण ते वाईट नाही समजत, उलट पूर्वजांकडे पाऊसच तर मागितला होता, भिंत वाहून गेली म्हणजे त्यांनी ऐकलं! मग परत नवीन काढायचं. मला हे प्रचंड आवडतं कारण आपण घरात कला म्हटलं की ती टिकली पाहिजे, फ्रेम पाहिजे, काच पाहिजे असं धरून चालतो आणि इथे पुसली जाणं हाच कामाचा भाग आहे.

दक्षिण आफ्रिकेतल्या एनदेबेले लोकांबद्दल थोडं जपून. १८८३ मध्ये बोअर, म्हणजे डच वंशाच्या गोऱ्या वसाहतवाल्यांच्या, सैन्याने त्यांना हरवलं, जमिनी घेतल्या, माणसं शेतमालकांकडे वेठीला वाटून टाकली. त्यानंतरच्या काळात बायकांनी भिंती रंगवायला घेतल्या आणि इथे एनदेबेले राहतात हे लांबून दिसू लागलं. हे पक्कं. पण नेटवर सगळीकडे जे असतं ना, प्रत्येक त्रिकोण म्हणजे गुप्त संदेश, ते मला फुगवलेलं वाटतं. त्या भिंतींवर विजेचे दिवे आहेत, विमानं आहेत, दाढीचं ब्लेड आहे, बाईने जे बघितलं आणि आवडलं ते काढलं. आणि गंमत बघा, पन्नासच्या दशकात वर्णभेदी सरकारनेच पर्यटकांना दाखवायला एका गावात रंगांचे डबे पुरवले. तरी ती कला त्या बायकांचीच राहिली. एनदेबेले चित्रकार एस्तेर माहलांगू १९३५ च्या, दहाव्या वर्षी आई आणि आजीकडून शिकल्या, १९८९ ला पॅरिसच्या प्रदर्शनात, १९९१ ला बीएमडब्ल्यूची अख्खी गाडी रंगवली, आणि ब्रश म्हणजे अजूनही कोंबडीचं पीस.

उलटतपासणी:
छान चाललंय पण एक शंका. हे सगळं आफ्रिकन अध्यात्म या एकाच पोत्यात कसं भरणार? ५४ देश आहेत. आणि घानाच्या २०२१ च्या जनगणनेत ७१ टक्के लोक ख्रिश्चन, जवळपास २० टक्के मुस्लिम, पारंपरिक धर्म सांगणारे जेमतेम ३ टक्के. धागाकर्तीला दिसलेलं येशूचं चित्र हाच मग तिथला घरातला धर्म आहे, त्याला खोटं का ठरवायचं?

पोपडे:
खोटं कोणी ठरवलं? पण माणसाचा धर्म रकान्यात लिहिल्याएवढा सरळ नसतो हो. नायजेरियातल्या योरुबांचं बघा. जगात सगळ्यात जास्त जुळी जिथे होतात त्यातला तो भाग. जुळ्यातलं एक मूल गेलं की त्याची लाकडी बाहुली कोरून घ्यायचे, इबेजी, आणि आई तिला अंघोळ घालायची, खाऊ घालायची, कपडे, मणी, अंगाला लाल लाकडाची पूड. हाताळून हाताळून कित्येक बाहुल्यांचे चेहरे झिजलेत, म्युझियममध्ये बघितलं तर कळतं. पुढे बरीच कुटुंबं चर्च-मशिदीत जायला लागली तर लाकडी मूर्ती नको वाटायला लागली. मग काही जण प्लॅस्टिकची दुकानातली बाहुली ठेवायला लागले, आणि काहींनी तर फोटोग्राफरला गाठलं! जिवंत मुलाचे दोन फोटो काढायचे, हवं तर एकात मुलाचे आणि एकात मुलीचे कपडे घालून, आणि दोन्ही एकाच प्रिंटमध्ये शेजारी शेजारी बसवायचे की झाली जोडी पूर्ण. भिंतीवरचा साधा फॅमिली फोटो वाटतो तो.

कुमासीकर:
+१. आणि रविवारी चर्चला जाणारे माझे शेजारी घरात बारसं असलं की जमिनीवर श्नॅप्स या दारूची धार सोडून आधी देवाचं, मग असासे यॉ म्हणजे धरणीमातेचं, मग पूर्वजांचं नाव घ्यायचे. त्यांचे पाद्री याच्या सक्त विरोधात होते, घरात त्यावरून वादही व्हायचे. ओल्या फरशीचा फोटो काढून भिंतीवर लावता येत नाही एवढंच.

उलटतपासणी:
बरं, फोटोचं माहीत नव्हतं. पण एक पोतं नको हे माझं म्हणणं कायम.

रिकामी_भिंत:
मान्य आहे, शीर्षकात घानातल्या घरांत लिहायला हवं होतं. पण पहिला प्रश्न मागे राहिला, मुखवटा लावू की नको?

कुमासीकर:
माझं विचाराल तर नको. पाप लागेल म्हणून नाही, बाजारातला मुखवटा कोणी पूजलेला नसतोच, ते लाकूड आहे. पण खरा मुखवटा म्हणजे वरपासून खालपर्यंत पेहराव, ढोल, नाचणारा माणूस आणि समोर गाव, आणि नाच संपला की तो बऱ्याच ठिकाणी कोणाच्या नजरेस पडू नये असा ठेवून देतात. म्हणजे रात्रंदिवस खिळ्याला टांगणं हे त्याच्या बरोबर उलटं. तरी आवडला असेल तर नवा म्हणून घ्या, नव्याची किंमत द्या आणि कारागिराला विचारा कोणाच्या पद्धतीचा आहे. विकणारा खरंच जुना आहे म्हणाला तर मग जास्तच सावध, जुनी वस्तू देशाबाहेर न्यायला म्युझियम्स अँड मॉन्युमेंट्स बोर्डाचा दाखला लागतो.

पोपडे:
भिंतीला अदिंक्रा लावा ना, एन्तोन्सोला जाऊन स्वतः छापा, ठसे हातात देतात. फक्त रंग कुठले घ्यायचे ते छापणाऱ्याला आधी विचारा, नाहीतर जेवायला आलेल्या पाहुण्यांना वाटेल घरात कोणी गेलं.

रिकामी_भिंत:
हाहा, विचारते. स्टूल कुमासीजवळच्या अहविआला मिळतात ना कोरलेले? तोही घेणार आहे. नवरा त्यावर मोजे वाळत घालणार हे आत्ताच दिसतंय, निदान आडवा तरी करून ठेवेन.