सायफायचं खूळ: कथेतलं आणि खरं अंतराळ तुम्हाला कुठे भेटलं? (अनुभव धागा)

खगोलखुळा

मागे एका गप्पांमध्ये कुणीतरी म्हणालं की विज्ञानकथा वाचणारे वेगळे आणि रात्री-अपरात्री उठून रॉकेटचं लाइव्ह उड्डाण बघत बसणारे वेगळे, दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. मला हे अजिबात पटलं नाही. माझ्या मते हे एकच खूळ आहे, फक्त दोन दारांनी आत शिरतं. तर मंडळी, लिहा. पुस्तक, सिनेमा, मालिका काहीही असो, पण त्यातलं काहीतरी खऱ्या मोहिमेला जाऊन भिडलं आणि तुम्ही चाट पडलात असा अनुभव हवाय. रहस्य फोडणार असाल तर आधी तसं लिहा.

माझ्यापासून सुरुवात करतो. स्टार ट्रेकचा १९७९ चा पहिला सिनेमा मी लहानपणी बघितला, त्यात (रहस्य फुटतंय, पण आता एवढ्या वर्षांनी काय) पृथ्वीकडे चाल करून येणारी ती अजस्र शक्ती म्हणजे माणसानेच कधीकाळी सोडलेलं 'व्हॉयेजर ६' निघतं. नावातली मधली अक्षरं झाकली गेल्यामुळे ते स्वतःला 'व्हीजर' समजत असतं आणि आपल्याला घडवणाऱ्याला शोधत परत आलेलं असतं. व्हॉयेजर नावाची खरी यानं आहेत आणि ती त्याच वेळी गुरूच्या आसपास फिरून पुढे चालली होती हे मला फार नंतर कळलं. खरी दोनच, १९७७ साली सुटलेली. त्यांच्यावर पृथ्वीवरचे आवाज भरलेली ती सोनेरी तबकडी आहे, तिच्यात केसरबाई केरकरांची भैरवी आहे, 'जात कहाँ हो', आणि पंचावन्न भाषांमधल्या शुभेच्छांमध्ये मराठीही आहे. तारे पार करायला निघालेल्या यानाला कुणीतरी 'कुठे चाललास' असं विचारणारी चीज बरोबर बांधून दिली, यावर मी अजून खूश आहे.

पण खरा किस्सा पुढेच आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हॉयेजर १ निरर्थक माहिती पाठवायला लागलं. सिग्नल येतोय पण त्यात अर्थ नाही, म्हणजे म्हातारं माणूस बरळायला लागावं तसं. मी रोज बातमी बघायचो. शेवटी सापडलं की संगणकाच्या मेमरीतली एक चिप गेलीय, आणि तिच्यावरचा प्रोग्रॅम दुसरीकडे एकत्र मावेल एवढी सलग जागाच नाही, मग त्या लोकांनी त्याचे तुकडे करून जिथे जागा मिळेल तिथे बसवले आणि ते तुकडे एकमेकांना सापडतील अशी जुळणी केली. एप्रिल २०२४ मध्ये पहिला हुकूम पाठवला. जायला साडेबावीस तास, उत्तर यायला साडेबावीस तास. मधल्या वेळात करायचं काय, तर काही नाही. आणि उत्तर आलं! सिनेमातलं यान आपल्याला कुणी बनवलं हे विसरलं होतं, खऱ्याची चिप गेली तरी ते घरी फोन करत होतं.

उडती तबकडी

मस्त धागा. माझं दार म्हणजे इंटरस्टेलर, २०१४. थिएटरमधून बाहेर आल्यावर आमच्या ग्रुपचे सरळ दोन तट पडले होते, एक रडणारा आणि एक 'कृष्णविवराजवळच्या ग्रहावरच्या एका तासाला पृथ्वीवर सात वर्षं हे कसं शक्य आहे' म्हणून भांडणारा. मी दुसऱ्या तटात. मग त्याच भांडणाच्या नादात सिनेमाचा सल्लागार भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न वाचायला घेतला आणि कळलं की कृष्णविवर जवळजवळ कमाल वेगाने स्वतःभोवती फिरत असेल तर गणितात ते बसतं, दिग्दर्शकाने आधी आकडा मागितला आणि थॉर्नने मग तो बसवून दिला. २०१७ ला त्याच माणसाला गुरुत्वीय लहरींसाठी नोबेल (तिघांत वाटून) मिळालं तेव्हा मी घरात असा आव आणला होता जणू आमच्या नात्यातलाच.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. सिनेमातल्या त्या कृष्णविवराभोवतीची तेजस्वी चकती दोन्ही बाजूंनी सारखी दिसते. खरं तर तसं दिसायला नको. चकती प्रचंड वेगाने फिरतेय, तर आपल्याकडे येणारी बाजू जास्त उजळ आणि लांब जाणारी अंधुक दिसायला हवी. हे त्यांना माहीत होतं, पण प्रेक्षक गोंधळतील म्हणून मुद्दाम काढून टाकलं. मग १० एप्रिल २०१९ ला एम८७ दीर्घिकेतल्या कृष्णविवराचा पहिला खरा फोटो आला. साडेपाच कोटी प्रकाशवर्षांवरचा तो धुरकट नारिंगी गोळा. लोक म्हणाले हे काय, आउट ऑफ फोकस आहे. मी झूम करून बघतेय तर खालची बाजू जाड आणि उजळ, वरची फिकी! सिनेमाने जे लपवलं तेच पहिल्या फोटोत सगळ्यात आधी दिसत होतं. त्या दिवशी मी ऑफिसमध्ये काहीही काम केलं नाही.

वाचनमात्र

+१ उडती तबकडी. तो फोटो माझा अजून वॉलपेपर आहे.

उंटावरचा शहाणा

मी थोडा उलटा सूर लावतो, चालवून घ्या. मला रॉकेटं बिकेटं, इंधन, कक्षा यातलं काही कळत नाही आणि कळून घ्यायची इच्छाही नाही. विज्ञानकथेत विज्ञान बरोबर आहे की नाही हे तपासत बसणारे लोक मला कवितेत व्याकरण तपासणाऱ्यांसारखे वाटतात.

माझं पुस्तक म्हणजे स्तानिस्लाव लेमचं सोलारिस, १९६१ चं. एक अख्खा ग्रह व्यापणारा समुद्र आहे आणि तो बहुतेक जिवंत आहे, विचार करतो. बस. माणसं पिढ्यानपिढ्या त्याचा अभ्यास करतात, ग्रंथालयं भरतील एवढं लिहितात, पंथ पडतात, वाद होतात, आणि समुद्राला त्याचं काही देणंघेणं नाही. त्यातली ती ग्रंथालयाची पानं लोक कंटाळून सोडून देतात, मला तीच सगळ्यात भयंकर वाटतात. बाकी सगळीकडे परग्रहवासी म्हणजे दोन हात, दोन पाय, कपाळावर एक गाठ आणि अस्खलित इंग्रजी! तार्कोव्हस्कीने १९७२ ला त्यावर सिनेमा केला तो लेमला आवडला नव्हता, मला दोन्ही आवडतात, आणि दोघांचं भांडण तर त्याहून जास्त आवडतं.

राहता राहिला खऱ्या अंतराळाशी संबंध. टायटन, शनीचा चंद्र. जानेवारी २००५ मध्ये ह्युजेन्स यान तिथे उतरलं आणि नारिंगी धुक्यात गोल झालेले दगड दिसले. गोल कशाने झाले असतील? वाहत्या द्रवाने, आणि तिथलं पाणी दगडासारखं गोठलेलं, म्हणजे वाहतो तो द्रवरूप मिथेन. ते 'दगड'ही बहुधा बर्फाचेच. तो फोटो बघून मला प्रथमच वाटलं की लेमला जे म्हणायचं होतं ते हे, ओळखीचं दिसतं आणि ओळखीचं काहीच नसतं. तर झालं तुमच्या धाग्याचं समाधान, भेटलं बुवा.

खगोलखुळा

@उंटावरचा शहाणा, रॉकेटं कळत नाहीत म्हणणाऱ्याला ह्युजेन्सचा महिना पाठ आहे, हे आम्ही लक्षात ठेवलंय.

शेंडेफळ

माझा अनुभव छोटा आहे पण मला फार लाडका आहे. जुलै २०१५ मध्ये न्यू होरायझन्स प्लूटोजवळून गेलं तेव्हा प्लूटोच्या चंद्राचे, शॅरनचे, पहिल्यांदाच नीट फोटो मिळाले. मग तिथल्या डोंगर-विवरांना नावं हवीत. टीमने काय करावं, तर आपल्यासारखंच खूळ असलेली माणसं ती, त्यांनी आधी व्हेडर, कर्क, स्पॉक अशी स्टार वॉर्स आणि स्टार ट्रेकमधल्या पात्रांची टोपणनावं ठेवून टाकली. अधिकृत नावं २०१८ ला आली त्यात लेखक आर्थर क्लार्क आहे, दिग्दर्शक कुब्रिक आहे, लेखिका ऑक्टेव्हिया बटलर आहे, व्हर्नचा कॅप्टन नेमो आहे, लेमचा पिर्क्स आहे (उंटावरचे शहाणे, घ्या). मी यादी खाली खाली वाचत जातेय आणि एकदम: रेवती!

आपली रेवती. बलरामाची बायको. ककुद्मी राजा मुलीसाठी योग्य वर कोण हे विचारायला तिला घेऊन ब्रह्मदेवाकडे जातो, तिथे गाणं चालू असतं म्हणून जरा थांबतो, आणि गाणं संपल्यावर विचारतो तर ब्रह्मदेव हसतो. तू ज्यांची नावं मनात धरून आलायस ते कधीच गेले, त्यांचे नातू-पणतूही गेले, पृथ्वीवर युगं उलटली. आजी ही गोष्ट सांगायची तेव्हा मला त्यात फक्त राजाची फजिती दिसायची. इंटरस्टेलरमधला तो सात वर्षांचा तास बघताना मला हीच गोष्ट आठवली होती पण कुणाला सांगायची लाज वाटली. आणि इथे नाव देणाऱ्यांनीच रेवतीला कालप्रवासाच्या जुन्या कथेची नायिका म्हणून निवडलंय.

(अवांतर: कृपया यावरून 'आपल्याकडे सगळं आधीच होतं' हा वाद सुरू करू नका. गोष्ट गोष्ट म्हणून थोर आहे, तेवढं पुरे.)

नट बोल्ट

मी तोच माणूस ज्याच्यावर शहाणे चिडलेत. चुका काढणारा. आणि मी चुका प्रेमाने काढतो हे कुणाला समजत नाही.

मंगळावर एकटा मागे राहिलेल्या माणसाची कादंबरी, द मार्शियन घ्या. अँडी वीअरने ते आधी आपल्या साइटवर एकेक प्रकरण करत टाकलं, वाचकांनी गणितं तपासून चुका कळवल्या, त्याने सुधारल्या. म्हणजे माझ्यासारख्या खोडसाळ लोकांनी पुस्तक घडवलंय, बोला! आणि एवढं होऊन सगळ्यात मोठी थाप पहिल्याच पानांत आहे, ते वादळ. मंगळावर हवेचा दाब पृथ्वीच्या एक टक्क्याहूनही कमी, तिथलं कितीही सोसाट्याचं वारं आपल्याला झुळकेसारखं लागेल, यान कलंडायचं सोडा. लेखकाला ते माहीत होतं, माणूस मागे राहायला हवा म्हणून त्याने ठेवलं. मी त्याला माफ केलंय, कारण पुढे तो नायक १९९७ ला मंगळावर उतरलेलं पाथफाइंडर यान उकरून काढतो. त्या पाथफाइंडरशी खरा संपर्क त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तुटला होता. ते प्रकरण वाचताना मी उठून उभा राहिलो होतो.

ग्रॅव्हिटी सिनेमाला मात्र माफी नाही, त्यात हबल दुर्बिणीपासून स्पेस स्टेशनपर्यंत जेटपॅकने जातात. हबल विषुववृत्ताशी साडेअठ्ठावीस अंश कलून फिरतं, स्पेस स्टेशन साडेएक्कावन्न अंश. उंचीही वेगळी. नुसता हा कल बदलायचा तर वेगात सेकंदाला तीनेक किलोमीटरचा फरक पाडावा लागतो, पाठीवरच्या जेटपॅकने नाही होत ते. पण आवाज नसलेले स्फोट? शंभर पैकी शंभर.

अर्धी वाट

माझ्यासाठी तो क्षण २३ ऑगस्ट २०२३, आणि खरं म्हणजे त्याच्या आधीचा ७ सप्टेंबर २०१९. सिनेमात कंट्रोल रूम म्हणजे कुणीतरी ओरडतंय, कुणीतरी फाइल आपटतंय, नायक एक वाक्य टाकतो. प्रत्यक्षात काय होतं, तर एक आलेख. ठरलेल्या मार्गाची रेघ आणि तिच्यावरून सरकणारा ठिपका. २०१९ ला चांद्रयान २ चा तो ठिपका रेघेवरून जरासा बाजूला गेला आणि थांबला. कुणी काहीही बोललं नाही, पण खोलीतल्या माणसांच्या पाठी बघून कळलं. चार वर्षांनी चांद्रयान ३ ला तोच आलेख परत, आणि मी सगळा वेळ चंद्राचं अ‍ॅनिमेशन न बघता फक्त ठिपका बघत होते. वेग किती, उंची किती. संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटं. नंतरच्या टाळ्या मला नीट आठवतही नाहीत.

रच्याकने, दहा नऊ आठ करत शून्यापर्यंत येणारी उलटी मोजणी सिनेमातून लोकप्रिय झालीय हे किती जणांना माहितीये? फ्रिट्झ लांगचा १९२९ चा मूकपट, चंद्रावर जाणाऱ्या बाईचा. हर्मन ओबर्थ त्याचा सल्लागार होता. प्रेक्षकांचा श्वास अडकावा म्हणून पडद्यावर आकडे उलटे दाखवले, आणि आता खरी रॉकेटंही त्याच तालावर सुटतात.

ट्रेकवेडा

एवढं लिहून झालं आणि स्टार ट्रेकमधल्या यानाबद्दल, एंटरप्राइझबद्दल, कुणीच नाही? चाहत्यांनी पत्रांचा पाऊस पाडला म्हणून १९७६ ला पहिल्या स्पेस शटलचं ठरलेलं नाव बदलून एंटरप्राइझ ठेवलं. आणि गंमत बघा, ते शटल अंतराळात कधी गेलंच नाही! फक्त विमानावरून सोडून उतरवायच्या चाचण्या. नाव 'कॉन्स्टिट्यूशन' राहू दिलं असतं तर चाललं असतं की, म्हणजे निदान आमची एंटरप्राइझ पुढे खऱ्या उड्डाणाला मिळाली असती.

वाचनमात्र

मराठीचं कुणीच कसं लिहिलं नाही? १९७४ ला मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत नारळीकरांनी 'नारायण विनायक जगताप' या नावाने कथा पाठवली होती. ज. वि. ना. ची अक्षरं उलटी करून. आपलं नाव बघून परीक्षक भारावतील म्हणून टोपणनाव, आणि पहिलं बक्षीस मिळालं. कथेचं नाव 'कृष्णविवर'. एवढंच सांगायचं होतं, परत वाचनमात्र.

उडती तबकडी

@वाचनमात्र, अहो लिहीत जा की!

एक प्रश्न, नवीन धागा काढत नाही. भाचीला आसिमॉव्हची फाउंडेशन मालिका सुरू करून द्यायचीय. कथेतल्या काळाच्या क्रमाने की छापून आली त्या क्रमाने?

नट बोल्ट

छापून आली त्या क्रमाने, याला दुसरं उत्तर नाही. १९५१, ५२, ५३ ची पहिली तीन, मग १९८२ आणि ८६ ची पुढची दोन. प्रिल्यूड १९८८ चं आहे, काळाने आधीचं असलं तरी ते पहिलं दिलंत तर एक मोठं रहस्य उगाच फुकट जाईल.

उंटावरचा शहाणा

पहिली तीन द्या आणि थांबा. पुढची दोन तिला स्वतःला सापडली तर सापडली.

नट बोल्ट

शहाणे, पुढच्या दोनात नेमकं काय खटकलं ते लिहा, रहस्य न फोडता. मी वाट बघतोय.