संध्याकाळचा फोटो संध्याकाळचाच दिसू दे

तुम्ही इथे टाकलेल्या ताडोब्यातल्या बिबट्याच्या संध्याकाळच्या फोटोत ग्रेन (दाणेदारपणा) फार आलाय म्हणून वरच्या कमेंट्समध्ये सगळे नॉइज रिडक्शन (एडिटिंगमध्ये हे दाणे पुसणं) वाढवा म्हणतायत, पण खरं कारण उजेड कमी पडला हे आहे. बिबट्या बसलेला असताना १/५०० सेकंदाचं शटर कशाला, १/१२५ ला दोन स्टॉप जास्त, म्हणजे चौपट उजेड मिळाला असता आणि बीनबॅगवर (टेकू द्यायच्या भरलेल्या पिशवीवर) लेन्स टेकवली की तेवढ्यात आरामात जमतं.

आता आहे त्या रॉ फाइलवर (कॅमेऱ्यातल्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलवर) डिनॉइज, म्हणजे दाणे काढणं, आधी करा, शार्पनिंग नंतर. कलर नॉइज (रंगीत दाणे) बिनधास्त घालवा, ल्युमिनन्स नॉइज (उजेड-अंधाराचे दाणे) मात्र जपून, नाहीतर केस पुसले जाऊन जनावर प्लास्टिकचं दिसतं. लाइटरूम या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये ऑल्ट दाबून शार्पनिंगमधला मास्किंगचा स्लायडर ओढा, पांढरं दिसेल तिथेच शार्पनिंग लागतं, तर डोळे, मिशा, ठिपके पांढरे राहू देत आणि मागचे बांबू काळे होऊ देत.

आणि प्लीज शॅडोज (फोटोतले गडद भाग) एवढे उघडू नका, ऑटो व्हाइट बॅलन्सही (रंग आपोआप जुळवणारी सेटिंग) नको, तो मावळतीचा सोनेरी रंगच खाऊन टाकतो, व्हाइट बॅलन्स स्वतःच ५५०० केल्व्हिनच्या (उजेडाच्या रंगछटेचं माप) आसपास ठेवून बघा. एवढा सुंदर बिबट्या दुपारी भेटल्यासारखा वाटतोय हो! मूळ रॉची लिंक दिलीत तर मीही करून बघतो.